बापूंचा वैशाखातला रोजा

आमच्या घरी एकादशीला साबुदाण्याची खिचडी, भगर, शेंगदाण्याची आमटी, बटाट्याची भाजी, वर दही आणि शेवटी केळं असा कडकडीत उपास असतो. या उपासांनी माझ्या कमरेचा घेर कसा वाढवत नेला ते आमच्या शिंप्याला विचारावं. पान वाढून झालं की धाकटी पुतणी मुद्दाम खडा टाकते, "काका, हे पान बापूंनी पाहिलं असतं तर काय म्हणाले असते?" मला तेवढंच हवं असतं. मी घास हातात तसाच धरून सुरू होतो आणि घरातली मोठी माणसं आपापली पानं उचलून आतल्या खोलीत जातात. त्यांनी ही गोष्ट इतक्यांदा ऐकली आहे की मी कुठे चुकलो ते त्यांना भिंतीपलीकडून कळतं.

बापू म्हणजे आमचे ब्राह्मणपुरीचे घरमालक. पन्नासचं दशक संपत आलं होतं, मी शाळेत नवा मास्तर होतो आणि लग्नही नवं होतं. खोली मागायला गेलो तेव्हा बापू ओट्यावर बसून पंचांग वाचत होते. उंच, उसाच्या कांड्यासारखा सरळ आणि सडपातळ माणूस. डोक्याला पांढरा रुमाल. त्यांच्या गुजर घराण्याचे पूर्वज गुजरातेतून तापीकाठी आलेले, त्यामुळे घरात गुजरी, ओट्यावर अहिराणी आणि चारचौघांपुढे बोलायचं असलं की शाळेची मराठी, अशी तीन दुकानं त्यांनी चालवली होती. त्यांनी माझी जात विचारली नाही, पगार विचारला नाही. चष्म्यावरून पाहत विचारलं, "उपास कोनकोनता धरतस?"

मी छाती फुगवून म्हणालो, "एकादशी. महिन्याच्या दोन्ही."

"त्या दिवशी काय खातस?"

मी जो पाढा सुरू केला तो भगरीपर्यंत आला आणि बापूंनी हात वर केला. "मास्तर, हाऊ उपास नही. हाई पंगत शे." मग आत वळून ओरडले, "यास्ले खोली द्या रे! खाणारा मानूस शे, खोटं बोलाव नही."

बापूंना उपासाचं वेड होतं. म्हणजे ते फार देवभोळे होते असं नाही, देवळात ते प्रसादाच्या वेळेलाही जात नसत. त्यांना छंद होता तो उपासाचं मूळ शोधण्याचा. माणूस समोर अन्न असताना जेवायचं नाही असं पहिल्यांदा कधी म्हणाला? का म्हणाला? आणि त्याच्या बायकोने तेव्हा काय केलं? हा शेवटचा प्रश्न ते फार गंभीरपणे विचारत. कुणाकडे पाहुणा आला की त्याला पाणी देण्याआधी बापू त्याच्या गावचे उपास काढून घेत. जावयांनी या घरी येणं कमी केलं होतं.

त्यांचा सिद्धांत असा होता की सण भरलेल्या कणगीतून निघतो आणि उपास रिकाम्या कणगीतून. दिवाळीला ज्वारी-बाजरी घरात येते, होळीला गहू-हरभरा. नवं धान्य यायच्या आधी जुनं संपत आलेलं असतं, तेव्हा शहाण्या माणसाने सांगितलं, आता आठ दिवस हात आखडता घ्या. आणि लोक ऐकेनात म्हणून त्यात देव आणला. हे पटवण्यासाठी ते आपल्या कणगीवर डॉक्टरसारखी टिचकी मारत, कान लावत आणि म्हणत, "आयकं? एकादशी जवळ उनी." मलाही त्यांनी कान लावायला लावला होता. मला आत फक्त उंदीर ऐकू आला.

या सगळ्याला गावात एकच माणूस पुरून उरत असे, तो म्हणजे पिंजारीचाचा. त्यांचं घर आमच्या गल्लीच्या टोकाला. थंडी पडू लागली की त्यांच्या कापूस पिंजायच्या पिंजणाच्या तातीचा आवाज दिवसभर गल्लीत घुमे आणि संध्याकाळी ते ओट्यावर येऊन बसत तेव्हा दाढीत, भुवयांत, कानात सगळीकडे कापूस असे. बापूंचे ते लहानपणापासूनचे मित्र. दोघांचा रोजचा कार्यक्रम एकच होता, भांडण.

"बापू, मी रुई पिंजस," चाचा म्हणत, "आनी तुम्ही मन्हं डोकं पिंजतस."

"मंग सांग ना, रोजा कोठून ऊना?"

"अल्लानं सांगं, आम्ही धरा. तुम्हना आधी जे लोक व्हतात त्यास्ले बी सांगेल व्हतं, तसंच तुम्हले, असं आमना कुराणमाच शे."

झालं. 'तुमच्या आधी जे होते त्यांनाही' हे ऐकल्यावर बापू उठून उभे राहिले. त्या रात्री ते जेवले नाहीत, अर्थात विसरून. आधीचे म्हणजे कोण? चाचा म्हणाले, मूसाचे लोक, ईसाचे लोक. बापू म्हणाले, त्यांच्या आधी? चाचा म्हणाले, बापू, माले उद्या गादी भराणी शे, मी चालनू.

पुढच्या बाजाराला बापू शहाद्याला गेले ते कापसाचं बी आणायला आणि परत आले ते बी न आणता, पण चेहरा असा की जणू जमिनीत हंडा सापडला. तिथे त्यांना एक वयस्क मौलवी भेटले होते. बापूंनी त्यांना चहा पाजून बसवून घेतलं आणि माहिती काढली ती अशी: रमजान या नावाच्या मुळाशी तापणं, भाजून निघणं असा अर्थ आहे. फार जुन्या काळी अरबस्तानातले लोकही चंद्राचे महिने ऋतूंना धरून राहावेत म्हणून मधून मधून एक महिना जास्तीचा घालत. पुढे इस्लाममध्ये ती चाल बंद झाली आणि महिने मोकळे सुटले. म्हणून रमजान दरवर्षी थोडा थोडा अलीकडे सरकतो आणि सगळ्या ऋतूंमधून फिरून येतो.

"त्यास्ना बी अधिक महिना व्हता, मास्तर!" बापूंनी माझे दोन्ही खांदे धरले. माझ्या तोंडात तेव्हा भाकरी होती. "आपला धोंडा महिना, तसाच! त्यास्नी काढी टाका, तथा घोळ व्हयना. म्हंजे खरा रोजा कोनता? वैशाखना!"

आणि बापूंनी वैशाखात रोजे धरायला सुरुवात केली.

आता नुसती कल्पना करा. खानदेशातला वैशाख. गल्लीतलं कुत्रं सावली सोडून हलत नाही, केळीची पानं कडेने करपतात, आणि हा माणूस पहाटे उठून भाकरी खातो ती पुढे सूर्य बुडेपर्यंत पाण्याचा थेंब नाही. त्या पहिल्या वर्षी रमजान चैत्रात आला होता. चाचांचे रोजे संपले आणि थोड्याच दिवसांत बापूंचे सुरू झाले. चाचा हसून म्हणाले, "गाडी चुकनी तुम्हनी." दुसऱ्या वर्षी रमजान आणखी अलीकडे गेला, बापू वैशाखातच. तिसऱ्या वर्षी आणखी. चाचा फाल्गुनातल्या वाऱ्यात सुखाने रोजे धरत तेव्हा बापू समोर बसून कलिंगड खात, आणि बापू वैशाखात ओठ सुकवून बसत तेव्हा चाचा समोर बसून फुर्र फुर्र करून चहा पीत. दोन मित्र एकाच ओट्यावर, पण एकाच्या उपासाला दुसरा कधीच भेटेना.

"तुम्ही रोजा नही धरत, बापू," चाचा एकदा बशी खाली ठेवत म्हणाले. "तुम्ही उन्हाळा धरतस."

मीही एकदा बापूंना सोबत म्हणून रोजा धरला. शाळेत प्रार्थना झाली, हजेरी झाली, आणि मधल्या सुट्टीत मी कैरी खाताना सापडलो. बापूंनी ऐकलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "मास्तर, तुम्हनं पोट दवंडीवाला शे. भूक लागनी का गावभर सांगत सुटस." पण संध्याकाळी सूर्य बुडाल्यावर ते एकटेच ओट्यावर खजूर तोंडात टाकत तेव्हा त्यांची नजर गल्लीच्या टोकाकडे जाई. रोजा सोडताना शेजारी कुणीतरी हवं असतं, हे माझ्यासारख्या खादाडालाही कळत होतं. बापू मात्र पंचांग सोडायला तयार नव्हते.

चाचांची एक वेगळीच चिंता होती. नदीवरच्या दगडी बंधाऱ्यातून एक पाट निघे. त्याच्या तोंडाशी बापूंची केळी आणि अगदी शेपटाला चाचांचं टीचभर रान. उन्हाळ्यात पिंजणाचं काम नसे, तेव्हा त्यात ते भुईमूग लावत. पाण्याची पाळी बापूंच्या आजोबांनी बांधून दिलेली होती. पहिलं पाणी बापूंचं, मग ओळीने खाली. थंडीत काही वाटत नसे. पण चैत्र लागला की नदी बारीक होई आणि फेरी शेपटाशी पोचेपर्यंत पाटात नुसता ओलावा उरे. दोन वर्षं चाचांचा भुईमूग शेंग धरायच्या वेळेला वाळला. साठ साल उलटलं होतं. त्या वर्षीचा रमजान माघात सुरू झाला होता आणि ईद होऊन गेली होती. चाचा ओट्यावर आले आणि नेहमीसारखं न भांडता म्हणाले, "बापू, यंदा बी वाळना तर मी सुरतले जासू. जावईनी मिलमा जागा देखेल शे."

बापू पंचांग उलटंच धरून बसले होते.

त्याच होळीला बापूंनी मला सातपुड्यात, मोलगीकडच्या डोंगरात नेलं. दर हंगामात त्यांच्याकडे कापूस वेचायला येणारा एक भिल्ल गडी होता, त्याने बोलावलं होतं. तो यंदा पाळणीला बसला होता. होळीच्या आधी काही दिवस नवस बोललेली माणसं पाळणी धरतात; खाटेवर झोपायचं नाही, अंघोळ करायची नाही, साधंच आणि थोडंच खायचं. 'आधीचे कोण' याचं उत्तर सातपुड्यात मिळेल अशी बापूंना खात्री होती. आम्ही दिवसभर चढण चढलो. वाटेत बायकोने दिलेल्या दशम्या मी पहिल्याच टेकडीवर संपवल्या. बापूंनी पोचल्या पोचल्या पाळणी धरली आणि मलाही धरायला लावली. त्यातलं अंघोळीचं कलम मी निष्ठेने पाळलं.

गड्याच्या अंगावर राखेचे ठिपके, कमरेला भोपळे आणि घुंगरं, डोक्याला मोरपिसं. आमच्या शेतात खाली मान घालून कापूस वेचणारा माणूस इथे राजासारखा उभा होता. बापूंनी त्याला तिथेही सोडलं नाही. "पाळणी काबर धरतस?"

"होळी येस ना बापू."

"ते खरं, पन पह्यले कोनी धरी?"

"मन्हा बापनी."

"त्यान्हा आधी?"

"त्यान्हा बापनी." असं करत ते दोघे किती मागे गेले कोण जाणे, मी एका झाडाखाली मोहाची फुलं खात बसलो होतो. शेवटी बापूंनी तो नाद सोडून विचारलं की वरच्या गावाची होळी काल झाली, तुमची उद्या पहाटे, पलीकडच्या पाड्याची परवा, हा काय प्रकार? पंचांगात पौर्णिमा एकच असते, सगळ्यांनी एकाच रात्री का पेटवत नाही?

गडी मोठ्याने हसला. त्याची घुंगरंही हसली. "समदास्नी एकच दिन होळी पेटाडी तर मंग आम्हना आठे पाव्हना कोन येईन?"

पहाटे होळी पेटली. ढोल इतक्या जवळून मी कधी ऐकला नव्हता, छातीच्या आत वाजतो. मी नाचलोही, तो भाग मी घरी सांगत नाही. बापू मात्र एका दगडावर बसून जाळाकडे बघत होते. उतरताना दिवसभर त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही, तेव्हा मला वाटलं यांना ऊन लागलं.

गावात आलो तर चाचांच्या दारात पिंजण उतरवून, दोरीने बांधून ठेवलेलं. बापू थांबले, त्याच्याकडे पाहिलं आणि घरी न जाता निरोप पाठवला, की पाडव्याला पाटाच्या भागीदारांनी माझ्या ओट्यावर यावं.

पाडव्याला सगळे आले. चाचा एका टोकाला खांबाशी बसले होते. मी आत दाराशी, कारण आत श्रीखंड होतं. बापूंनी सरळ सांगितलं, "आजपाइन पाळी सरकीन. दर पाडवाले पह्यलं पानी पुढल्या मानूसनं. यंदा सुरुवात शेपटपाइन."

त्यांचे धाकटे भाऊ ताडकन उठले. "भाऊ, डोकं फिरनं का? आजानी बांधेल पाळी शे! शेपटले पानी सोडं तर अर्धं पाटच पी जाईन. आनी वैशाखमा आपली केळी?"

"वाळीन थोडी."

"थोडी? लोके हासतीन! हाई कोठून काढं तुम्ही?"

"रमजानपाइन," बापू म्हणाले.

चाचांनी मान वर केली.

मग बापू बोलले, आणि या एका वेळेला ते चारचौघांपुढे शाळेची मराठी आणायचं विसरले. "मी म्हने, रमजानना महिना मोकळा सुटना, घोळ व्हयना. घोळ नही व्हयना. तो फिरस, म्हनीसन वैशाखना रोजा एकच मानूसना डोकावर जलमभर बसत नही. कधी ऊनना, कधी थंडना, समदास्ले सारखा. डोंगरमा होळी फिरस, म्हनीसन समदास्ले पाव्हना भेटतस. आपलीच पाळी फिरत नही. म्हनीसन दर वैशाखले एकच रान उपाशी. इतला वरीस मी उपासनं मूळ शोधी ऱ्हायनू रे भो, आनी ते मन्हाच पाटवर व्हतं."

भाऊ म्हणाले, "मंग वाटनी करा आपली." बापू म्हणाले, "करू." तेवढ्यावर भाऊ पाय आपटत आत गेले. वाटणी काही झाली नाही, पण दोघं भाऊ पावसाळ्यापर्यंत बोलले नाहीत, आणि बापूंना त्याचा त्रास केळीपेक्षा जास्त झाला. बाकीचे भागीदार गप्प होते, कारण ज्याची पाळी मधली त्याला कळेना की आपला फायदा झाला की तोटा. त्या गोंधळात ठराव पास झाला.

चाचा शेवटी उठले. मला वाटलं आता हात जोडतील, डोळे पुसतील. त्यांनी दाढी खाजवली आणि म्हणाले, "बापू, इतला साधा हिसाब समजाले तुम्हले इतला वैशाख लागनात?" आणि घरी जाऊन पिंजणाची दोरी सोडली.

त्या वैशाखात चाचांच्या भुईमुगाला पाणी मिळालं. बापूंची केळी कडेने करपली, पानं चिंध्यांसारखी लोंबली. येणारा जाणारा बंधाऱ्यापाशी थांबून चुकचुकायचा. बापू रोज संध्याकाळी केळीतून फेरी मारत आणि प्रत्येक झाडाच्या बुंध्यावर हात ठेवत, आजारी मुलाच्या कपाळावर ठेवावा तसा. त्या वर्षी त्यांनी वैशाखाचा रोजा धरला नाही. मी विचारलं तर म्हणाले, "मन्ही गाडी माले सापडनी आते."

ती गाडी थंडीत आली. रमजानचा चंद्र दिसला तेव्हा गल्लीत शेकोट्या पेटल्या होत्या आणि बापूंनी पहिल्यांदाच चाचांच्या बरोबरीने रोजे धरले. दुपारीच ते बेचैन होऊन माझ्याकडे आले. "मास्तर, तहानच लागत नही! इतला सोपा उपास? माले लाज वाटस."

"मग वैशाखाची वाट पाहा," मी म्हणालो. "येईल फिरत फिरत."

"येईन तव्हा मी नही ऱ्हाव," बापू म्हणाले. "पन कोनी ना कोनी ऱ्हाईन ना."

सूर्य बुडाला. ओट्यावर दोघे शाली गुंडाळून शेजारी शेजारी बसले होते, चाचांच्या भुवयांत कापूस. चाचांनी आधी खजूर बापूंच्या हातावर ठेवला, मग स्वतः घेतला. पाणी पिऊन झाल्यावर बापूंच्या बायकोने ताटात केळी आणून ठेवली, त्याच बागेतली, वैशाखात करपलेल्या झाडांची. बोटाएवढी, काळपट सालीची. मागच्या वर्षापर्यंत या घरची केळी हातभर लांब असत आणि व्यापारी ती बघायला लांबून येत. चाचांनी एक उचललं, उलटंसुलटं करून पाहिलं.

"बापू, केळं इतलंसं काबर?"

बापू आपलं केळं सोलत होते. त्यांनी वर न पाहता उत्तर दिलं, "वैशाखमा त्यानी रोजा धरेल व्हता."

चाचांनी ते केळं सावकाश खाल्लं, सालीला चिकटलेला गरही खाल्ला, आणि दुसऱ्यासाठी हात पुढे केला.

ताटात शेवटी एक उरलं. माझ्यासमोरच होतं. मी दिवसभर तीनदा जेवलेला माणूस, आणि तरी माझी नजर त्याच्यावर होती, हे बापूंनी पाहिलं. "घ्या मास्तर," ते म्हणाले.

मी घेतलं नाही. माझ्या आयुष्यात उपास म्हणावा असा तेवढाच.